जाधवताई बसायला येतात

आमच्या सोसायटीत कुणी एखादं काम लांबवत असेल तर त्याला "जाधवताईंना पाठवू का?" एवढं विचारलं की पुरे व्हायचं. बाहेरच्या माणसाला यात धमकी कुठं आहे ते कळायचं नाही. जाधवताई बुटक्या, सडपातळ, बोलायला मऊ. त्यांनी कुणावर आवाज चढवलेला मी तरी ऐकलेला नाही. त्या फक्त यायच्या आणि बसायच्या.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे वार्षिक सभेत ज्याला नाही म्हणता येत नाही तो. कोपरखैरण्यातली आमची इमारत जुनी, तीन मजली, जिना एकच. तळमजल्यावर जिन्याला लागून जाधवताईंचं घर, त्यामुळे त्यांच्या दारावरून गेल्याशिवाय कुणालाच आपल्या घरी जाता येत नाही. त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे ते बहुतेक या जाण्यायेण्यात पाहिलेलं. मूळच्या मंडणगडकडच्या. निवृत्त होईपर्यंत नोकरी रबाळ्याच्या एका औषध कारखान्यात, पॅकिंगच्या पट्ट्यावर. बाटल्या येत राहायच्या आणि या झाकणं लावत राहायच्या. "पट्टा कुणासाठी थांबत नाय," हे त्या इतक्या सहज म्हणायच्या, की त्यात काही तत्त्वज्ञान आहे असं ऐकणाऱ्याला वाटू नये. रविवारी सकाळी पांढरी साडी नेसून विहारात जायच्या, बाकी दिवस फुलाफुलांचा गाऊन आणि वर ओढणी.

त्यांच्या हॉलमध्ये मात्र एक कपाट होतं. कपाट कसलं, खोलीतली खोली. सेक्टरमधल्या विहारात मुलांसाठी अभ्यासिका निघणार होती. तिच्यातल्या पुस्तकांसाठी ताईंच्या यजमानांनी, जाधवदादांनी, ते बनवायला घेतलं होतं. शेवटची घासाई, पॉलिश आणि काचेच्या दारांचं काम तेवढं राहिलं आणि दादा गेले. तेव्हापासून ते तसंच. बाकी राहिलेल्या जागेत एक खुर्ची, एक पाट आणि ताई. दुसऱ्या कुठल्या सुताराला त्या हात लावू देत नव्हत्या आणि स्वतःही लावत नव्हत्या. विहारातले गायकवाड गुरुजी अधूनमधून विचारायचे, "ताई, कपाटाचं कसं?" ताई म्हणायच्या, "देणार ना. मी कुठं नाय म्हणते?" साऱ्या बिल्डिंगची कामं तडीस नेणाऱ्या बाईच्या घरातलं हे भिजत घोंगडं सगळ्यांना दिसत होतं आणि त्याबद्दल बोलायची कुणाची छाती नव्हती.

बसण्याचा प्रकार सुरू झाला तो दुसऱ्या मजल्यावरच्या प्रसाद सावंतपासून. प्रसाद रसायनशास्त्रवाला, एका कंपनीच्या प्रयोगशाळेत. त्याची पीएच.डी. इतकी वर्षं चालू होती, की त्याच्या मुलाला वाटायचं पीएच.डी. हे बाबांच्या आजाराचं नाव आहे. प्रयोग झालेले, आकडे हातात, फक्त प्रबंध लिहायचा बाकी. आधी टेबल बरोबर नव्हतं म्हणून टेबल घेतलं. मग खुर्चीने पाठ धरली म्हणून खुर्ची घेतली. मग समोरच्या बांधकामाचा आवाज. मग "एकदा सलग आठवडाभर सुट्टी मिळाली की उडवतोच." सुट्टी मिळाली तेव्हा त्याने पंखे पुसले. शेवटी विद्यापीठाने आता ही शेवटची मुदत असं कळवलं आणि त्याची बायको मानसी जाधवताईंच्या दारात उभी राहून रडली.

त्या रविवारी दुपारी ताई वर गेल्या. हातात पातेलं, पातेल्यात भिजवून मोड आणलेले कडवे वाल. प्रसादच्या टेबलाशेजारी फरशीवर बसल्या आणि सोलायला लागल्या.

"ताई, आज मूड नाहीये," प्रसाद म्हणाला.

"मूडचं मला काय कळत नाय बाबा. तू तुझं कर, मी माझे वाल सोलते. वाल संपले की जाईन."

कडवे वाल सोलणं म्हणजे काय हे ज्याने ते सोललेत त्यालाच ठाऊक. एकेक दाणा चिमटीत धरायचा, साल सुटली की आतली डाळिंबी बोटातून निसटून पातेल्यात पडते. घाई केली तर मोडते. पातेलंभर वाल म्हणजे अख्खी दुपार. प्रसादने मला नंतर सांगितलं, तो वाट बघत होता की ताई काहीतरी बोलतील, मग त्याला भांडता येईल. ताई बोलल्याच नाहीत. तो उठून गॅलरीत गेला की त्यांचा हात थांबायचा. तो परत येईपर्यंत तशाच, दाणा चिमटीत धरून. दोनदा असं झाल्यावर त्याला लाज वाटली आणि त्याने लॅपटॉप उघडला.

"कुठून सुरू करू तेच कळत नाही, ताई."

"सुरुवातीला कशाला जातोस? घोडं जिथं अडलंय तिथंच बस."

घोडं तिसऱ्या प्रकरणात अडलं होतं. तो तिथं बसला. ताई त्यानंतर प्रत्येक रविवारी येत राहिल्या आणि प्रबंध मुदतीत गेला. मानसीने जिन्यात पेढे वाटले आणि ताईंना हात जोडून म्हणाली, "ताई, आता वर्षभर वालाचं बिरडं नको."

मग हे लोण पसरलं. कुणाची आयकराची कागदपत्रं, कुणाचा पडून असलेला पोर्टफोलिओ, कुणाच्या मुलीचं कॉलेजचं प्रोजेक्ट. ताईंची पद्धत एकच. का राहिलं ते विचारायचं नाही. काय लिहिलंस ते बघायचं नाही. शाबासकी द्यायची नाही. वाल संपेपर्यंत चहासुद्धा घ्यायचा नाही. पहिली खेप सोडली तर वाल ज्याचं काम त्याच्या घरचे आणि डाळिंब्याही त्याच घरी ठेवायच्या. हा शेवटचा नियम तिसऱ्या मजल्यावरच्या देशमुखबाईंनी नीट हेरला. त्यांच्याकडे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी नेमकं कसलं तरी काम अडायचं. एकदा जुने फोटो लावायचे होते, एकदा भावाला पत्र लिहायचं होतं. ताई येऊन सोलायच्या, देशमुखबाई समोर पेन घेऊन बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे बोटं चाटायचे. तिसऱ्या वेळी ताईंनी पातेलं पाहिलं आणि म्हणाल्या, "वहिनी, एवढे वाल एका कामाला लागत नायत. किती पानं हायत उद्या?" देशमुखबाई लाल झाल्या. ताई मात्र बसल्या आणि सगळे सोलून दिले. उठताना एवढंच म्हणाल्या, "आता पत्र पण लिहा. भाऊ वाट बघत असेल." देशमुखबाईंनी लिहिलं म्हणे.

सगळीकडे जमलंच असं नाही. पहिल्या मजल्यावरचा एक संगणकवाला भाडेकरू त्यांच्या समोर सरळ झोपला. ताईंनी पंखा लावून दिला आणि खाली आल्या.

म्हात्र्यांची गोष्ट वेगळी आहे. म्हात्रे इथले मूळचे, कोपरखैरणे गावातले आगरी. सिमेंट-रेतीचं दुकान आहे, माणूस दिलदार, आवाज मोठा. सोसायटीच्या प्रत्येक दुरुस्तीला माल त्यांच्याकडून येतो, त्यामुळे आमचं येणंजाणं. त्यांची आई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई, तिच्याशिवाय एके काळी लग्न लागायचं नाही. म्हातारीच्या पोटात शेकड्याने गाणी आणि कुठं लिहिलेलं एक अक्षर नाही. ती रेकॉर्ड करून ठेवायची हे म्हात्रे मला कित्येक वर्षं सांगत होते.

"पन चांगला माईक आनल्याबिगर कसा करनार?" त्यांचं पालुपद. "स्टुडिओवाल्याशी बोललोय मी. एकदम टॉप क्वालिटी करायची हाय. माजी आय हाय ती, उगाच फोनवर करू?"

ताई दुकानात कशाला तरी गेल्या होत्या, तिथं त्यांनी हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "सेक्रेटरी, चला जरा म्हात्र्यांकडे. मला त्यांचं घर माहीत नाय." मी गेलो. म्हातारी ओटीवर पाय पसरून बसली होती. ताईंनी तिच्याजवळ बसकण मारली, आपलं पातेलं काढलं आणि अर्धे वाल तिच्या पुढ्यात ओतले. दोघी सोलायला लागल्या. म्हात्रे आमच्यासाठी थंडा आणायला पळणार, तर ताई म्हणाल्या, "थंडा ऱ्हाऊ दे. फोन काढा."

"आत्ता? अवो ताई, रस्त्याच्या गाड्यांचा आवाज हाय किती!"

"असू दे. माईक आला की परत करा. आत्ता हे धरा."

म्हातारीला गायला सांगावं लागलं नाही. हाताला काम लागल्यावर तिचं तिलाच सुरू झालं. आधी पुटपुटत, मग मोकळ्या गळ्याने, हळदीचा धवला, मग नवरा निघतो तेव्हाचा. म्हात्रे फोन धरून आपल्याच ओटीवर भिंतीला टेकून उभे होते आणि एवढा मोठा माणूस ढसाढसा रडत होता. त्या रेकॉर्डिंगमध्ये मोटारसायकली आहेत, कुत्रा आहे, डाळिंब्या पडल्याचा बारीक आवाज आहे. त्यानंतर ती दोघं मायलेक रोजच बसायला लागली. पुढच्या थंडीत म्हातारीला झटका आला आणि तिचा आवाज गेला. ती अजून आहे, खुणेनं बोलते. म्हात्र्यांचा माईक अजून यायचा आहे.

या सगळ्यात ताईंच्या हॉलमधलं कपाट जागचं हललं नव्हतं. जाधवदादांना मी चांगला ओळखत होतो. तेही कारखान्यात सुतार होते, पण त्यांचं काम म्हणजे यंत्रं परगावी पाठवायची असली की त्यांच्या मापाची लाकडी खोकी बनवायची. एकदा जिन्यात गप्पा मारताना म्हणाले होते, "सेक्रेटरी, आपण जन्मभर बनवली ती खोकी. तिकडं पोचली की लोकं पहारीनं फोडून काढणार. एक तरी वस्तू अशी करायची हाय, जी कोण फोडणार नाय." ती वस्तू म्हणजे हे कपाट. सागवानी, आणि एकही खिळा नाही. सगळे जोड खाच पाडून, गोंदाने कायमचे बसवलेले. आधी ते नेहमीसारखं एका बाजूने उघडणारं होतं. ताईच म्हणाल्या, मधोमध ठेवा की, दोन्ही बाजूंनी पुस्तकं लावा, म्हणजे पोरांची गर्दी होणार नाय. दादांना ते पटलं. त्यांनी ते दुप्पट खोल केलं.

आणि त्यानंतर दादा थंडावले. सांगाडा दणक्यात उभा करणारा माणूस घासाईला हातच लावेना. पेन्शनचं काम निघायचं, गुडघा दुखायचा, वाशीला जाऊन बिजागऱ्या बघायच्या असायच्या. ताईंचा तोंडाचा पट्टा सुरू असायचा. जिन्यातून वर जाताना आम्हाला सगळं ऐकू यायचं. "दुनियेची खोकी वेळेत गेली, विहाराचं कपाट तेवढं ऱ्हातंय. आळशी माणूस!" दादा खालमानेनं म्हणायचे, "लावतो ना हात." एक दिवस सकाळी चहा पिता पिता गेले.

यंदा पावसाळ्यानंतर गायकवाड गुरुजी ताईंकडे आले तेव्हा मी पाण्याच्या टाकीचं काहीतरी सांगायला तिथंच उभा होतो. गुरुजी भिडस्त माणूस. बराच वेळ चष्मा पुसून म्हणाले, "ताई, अभ्यासिकेची खोली झालीय. पोरं बसायला पण लागली. पुस्तकं जमिनीवर आहेत. कमिटीचं म्हणणं पडलं, लोखंडी कपाट घेऊन टाकू. मग तुमचं पुढं-मागं..."

"लोखंडी घेऊ नका," ताई म्हणाल्या.

"मग कधी?"

ताईंनी गुरुजींना पाणी आणून दिलं. गुरुजी गेल्यावर त्या कपाटाकडे पाहत उभ्या राहिल्या. मी निघणार तेवढ्यात म्हणाल्या, "सेक्रेटरी, मी सगळ्यांच्या घरी गप बसते ना, ते का माहितीय? यांच्यापुढं मी कधी गप बसले नाय. बोलत ऱ्हायले. बाजूला बसून नुसते वाल सोलले असते तरी झालं असतं यांच्या हातून." मला टाकीचं सांगायचं होतं ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरातून घासण्याचा आवाज यायला लागला. पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून त्या घासत होत्या. प्रसादला वाटलं, आता आपण त्यांच्यासमोर जाऊन बसायला हवं. तो मोठ्या उत्साहानं गेला आणि ताईंनी त्याला दारातूनच परत पाठवला. "मला कोण नको. मी यांच्याबरोबर बसलेय." सगळं लाकूड त्यांनी एकटीनं घासलं, पॉलिशचे हात दिले. काचेची दारं बसवायला तेवढा एक सुतार आला, त्याच्याकडून काम करून घेताना त्या पूर्ण वेळ पाटावर बसून होत्या. झाल्यावर आम्ही सगळे बघायला गेलो. कपाट असं दिसत होतं की देशमुखबाईंनी पदराला हात पुसून मगच त्याला बोट लावलं.

विहारात न्यायचं ठरलं. म्हात्र्यांनी टेम्पो आणि चार माणसं दिली, स्वतः पुढं उभे राहिले. कपाट उचललं, दारापर्यंत आणलं आणि थांबलं. ते दारातून जाईना. उभं धरलं, आडवं केलं, तिरकं करून पाहिलं. प्रसाद टेप घेऊन आला. त्याने कपाटाची खोली मोजली, मग दार मोजलं, मग परत कपाट मोजलं आणि टेप खिशात ठेवला. खिडकी तर त्याहून लहान. दुप्पट खोल केलेलं कपाट या घरातून बाहेर जाणं शक्यच नव्हतं. ते हॉलमध्ये बनलं होतं आणि हॉलमध्येच राहणार होतं.

"मधून कापूया," म्हात्र्यांचा एक माणूस म्हणाला. "तिकडं नेऊन परत जोडायचं. पट्ट्या मारल्या की कळणार पन नाय."

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. त्या कपाटाकडे बघत नव्हत्या. दाराच्या बाजूला खुंटीवर छत्री आणि रेनकोट लटकत असायचे, माणसांना अडचण नको म्हणून प्रसादने ते काढले होते. त्यामागच्या भिंतीवर पेन्सिलची एक फिकट उभी रेघ होती. चौकटीपासून वीतभर लांब, वरपासून खालपर्यंत, ओळंब्यात मारलेली. वरच्या टोकाला बारीक फुली. सुतार जिथं कापायचं तिथं करतात तशी.

ताईंनी रेघेवर बोट ठेवलं. "ही यांची फुली," त्या म्हणाल्या.

हळूहळू आम्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. दादांना माहीत होतं. कपाट दुप्पट खोल करून झाल्यावर कधीतरी त्यांनी दार मोजलं होतं आणि किती भिंत काढावी लागेल तेही आखून ठेवलं होतं. फक्त बायकोला सांगितलं नव्हतं. ते दार आणि चौकट ताईंनी निवृत्त झाल्यावर हौसेनं नवीन बसवून घेतली होती, नावाची पितळी पाटी लावून. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या. आणि दोन्ही बाजूंनी पुस्तकं हवीत हे म्हणणंही त्यांचंच. तेव्हा दादांनी कपाट पुरं न करणं पसंत केलं. पुरं झालं असतं तर दाराशी आणावं लागलं असतं.

"आळशी नव्हते," ताई म्हणाल्या. "मला दुखवायचं नव्हतं त्यांना. आणि मी..." मानसी त्यांना धरायला पुढं झाली, पण त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "सेक्रेटरी, चौकट काढली, भिंत तोडली तर सोसायटीची काय हरकत?"

नियमाप्रमाणे अर्ज, कमिटीची मीटिंग आणि ठराव लागतो. मी म्हटलं, "काही हरकत नाही."

"मग फोडा. कपाटाला हात लावू नका. घर फोडा."

म्हात्र्यांनी माणसांना हत्यारं आणायला पाठवलं. ती नवी चौकट उखडली गेली, दार बाहेर जिन्याशी उभं करून ठेवलं, पितळी पाटीसकट. भिंत दादांच्या रेघेपर्यंत तोडली, रेघेच्या पुढं एक वीट हलवावी लागली नाही. कपाट दोन्ही बाजूंना बोटबोटभर जागा ठेवून बाहेर पडलं. माणसांनी आरोळी दिली, वरच्या गॅलऱ्यांतून पोरांनी टाळ्या वाजवल्या. गायकवाड गुरुजींनी ताईंना म्हटलं, "चला, टेम्पोत पुढं बसा. तुमच्या हातानंच ठेवायचं तिथं." ताई म्हणाल्या, "तुम्ही पुढं व्हा. पुस्तकं लावा. मी येते."

त्या आल्या नाहीत. मी विहारात थांबलो, पोरं दोन्ही बाजूंनी पुस्तकं लावत होती ते पाहिलं आणि दुपारी परत आलो. पुढं महिन्याभरातच ताई मुलीकडे पनवेलला राहायला गेल्या, आणि घर बंद झालं. त्या येतात मधूनमधून, पण माझ्या लक्षात राहिल्या आहेत त्या कपाट नेलं त्या दुपारच्या.

दाराच्या जागी भिंतीत मोठं भगदाड होतं, आतला हॉल जिन्यातून पूर्ण दिसत होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो पुष्कळ मोठा होता. विटांचा चुरा कडेला लोटलेला. कपाट जिथं होतं त्या फरशीवर, उघड्या घरात, ताई एका कुशीवर झोपल्या होत्या, हाताची उशी करून, पाय पूर्ण लांब करून. गाढ झोप होती. मी त्यांना हाक मारणार होतो, मारली नाही. तेवढ्यात वरून देशमुखबाई बाजाराला निघाल्या होत्या. त्यांनी जिन्याच्या वळणावरून आत पाहिलं, खाली वाकून चपला काढल्या आणि हातात घेऊन माझ्या बाजूने निघून गेल्या.